भिंतीतली धाडधाड : पाइप का वाजतात आणि टाइल्स फोडण्याआधी काय तपासावं

रात्री पावणेबाराच्या सुमारास आमच्या बेडरूमच्या भिंतीत कुणीतरी आतून बुक्की मारायचं. धाड. मग मिनिटभर काही नाही, आणि पुन्हा धाड. कधी चार वेळा, कधी नऊ वेळा. आईचं निदान पहिल्या रात्रीच झालं होतं : "वरचे लोक या वेळेला खलबत्ता घेऊन बसतात." चौथ्या मजल्यावरच्या काकूंकडे मी जमेल तितक्या गोड शब्दांत दोनदा चौकशी करून आलो. दुसऱ्या वेळी त्याच म्हणाल्या, "अहो, मी तुमच्याकडेच यायला निघाले होते. तुम्ही रात्री काय ठोकता?"

हा आवाज एकदा जाऊन परत आला, दुसऱ्यांदा जाऊन पुन्हा परत आला. सगळं मिळून वर्ष गेलं. "वॉटर हॅमर (पाणी एकदम थांबल्याने पाइपात बसणारा धक्का) आहे, अरेस्टर (तो धक्का गिळणारं उपकरण) लावा" एवढ्या सल्ल्यावर भागलं असतं तर पहिल्याच महिन्यात भागलं असतं. म्हणून जरा लांबण लावून लिहितोय.

आधी घराची मांडणी. ठाण्यातली इमारत, तळमजला अधिक १४, आम्ही तिसऱ्यावर. गच्चीवर टाकी, तिथून डक्टमधून, म्हणजे पाइपांसाठी ठेवलेल्या उभ्या पोकळीतून, खाली उतरणाऱ्या डाउनटेक लाइन, आणि फ्लॅटमध्ये अर्ध्या इंची सीपीव्हीसी (प्लास्टिकचे) पाइप भिंतीत खाच पाडून गाडलेले. पहिला प्लंबर आला, भिंतीला कान लावला आणि म्हणाला, "आत पाइप सुटलाय. टाइल्स काढाव्या लागतील." बारा वर्षांपूर्वीच्या त्या टाइल्स आता कुठल्याच दुकानात मिळत नाहीत, या एकाच कारणाने मी त्याला थांबवलं. नशीब म्हणायचं, कारण त्या भिंतीत काहीही झालेलं नव्हतं.

दुधाचा हिशेब लिहायची एक जुनी वही घेतली. आवाज आला की वेळ, किती वेळा आला, आणि त्या क्षणी घरात कुठलं पाणी चालू होतं किंवा नुकतंच बंद झालं होतं, एवढंच लिहायचं. तिसऱ्या दिवशी झोपण्यापूर्वी आमच्या फ्लॅटचा मेन कॉक बंद करून ठेवला. तरीही पावणेबाराला धाड. इथेच निम्मं काम झालं. मेन कॉक बंद असताना घरातल्या पाइपातलं पाणी हलत नाही, मग आवाज घरातल्या लाइनीचा असायचं कारण नाही. पाइपातला आवाज काँक्रीट आणि विटांमधून बिनबोभाट दोन-तीन मजले फिरतो, त्यामुळे कानाला वाटलेली जागा हा पुरावा धरूच नये. ज्यांच्या घरी असा आवाज आहे त्यांनी प्लंबरला फोन करण्याआधी ही बिनखर्चाची चाचणी करावी. आवाज थांबला तर दोष घरात. नाही थांबला तर डक्टचं दार उघडा.

दहा दिवसांच्या नोंदींत दुसरी गोष्ट दिसली. आवाज सोमवार ते शुक्रवार, ११:४० ते १२:२० या वेळातच. शनिवार-रविवार गप्प.

मग टॉर्च घेऊन डक्टमध्ये वाकून उभा राहिलो. पाचव्या-सहाव्या धाडीला सापडलं. डाउनटेकचा उभा पाइप आमच्या मजल्यावर ज्या क्लॅम्पने धरलेला होता, त्याचा एक स्क्रू गंजून पडलेला आणि दुसरा नुसता लोंबत होता. पाइपावर हात ठेवला, तर ठोका आला त्या क्षणी पाइप जिवंत असल्यासारखा उडी मारून मागच्या प्लॅस्टरवर आपटला. आपटून आपटून तिथे रुपयाएवढा खळगा पडला होता, आणि खालच्या आडव्या पाइपावर सिमेंटची पिठासारखी पूड साचली होती. ती भिंत म्हणजे आमच्या बेडरूमची पाठ.

पाइप उडी का मारतो? वाहत्या पाण्याला वजन असतं आणि ते दाबून फारसं बारीक होत नाही. नळ झटक्यात बंद झाला की मागून येणाऱ्या पाण्याला थांबायला जागा नसते, त्याचा सगळा वेग दाबात बदलतो आणि तो दाब लाटेसारखा पाइपातून मागे-पुढे धावतो. मॉस्कोच्या पाणीपुरवठ्यात नळ फुटायचे, तेव्हा निकोलाय झुकोव्स्की या रशियन शास्त्रज्ञाने याच गोष्टीचे प्रयोग केले आणि १८९८ साली त्याचं गणित मांडलं. ते आजही तसंच वापरतात. लोखंडी पाइपात पाण्याचा सेकंदाला १ मीटरचा वेग एकदम थांबला तर दाब साधारण १२-१३ बारने (बार हे दाबाचं एकक) उसळतो. प्लास्टिकचा पाइप थोडा फुगून मार सोसतो, त्यामुळे तिथे हाच आकडा ४-५ बार. अर्ध्या इंची सीपीव्हीसीतून मिनिटाला १२ लिटर पाणी जात असेल तर वेग सेकंदाला दीड मीटरच्या वर असतो. म्हणजे मूळ दाबावर आणखी सहा-सात बारचा फटका, तोही डोळ्याचं पातं लवेपर्यंत.

हाताने फिरवायचा जुना नळ इतका झटकन बंद होत नाही. झटका देतात ते अर्ध्या फेऱ्यात बंद होणारे खटकेबाज नळ, हेल्थ फॉसेटचा चाप, आणि सगळ्यांत वाईट म्हणजे वॉशिंग मशीनचा विजेवर चालणारा व्हॉल्व्ह. मशीन एका धुण्यात पाणी अनेकदा घेतं, थोडं घेतं, थांबतं, पुन्हा घेतं. चार ते नऊ ठोक्यांचा हिशेब तिथे लागला. पाचव्या मजल्यावरचं जोडपं दुसऱ्या पाळीतून घरी येतं आणि मशीन लावूनच जेवायला बसतं. त्यांना सांगून मशीन चालू करायला लावलं, मी डक्टमध्ये फोन कानाला लावून उभा. "आता पाणी घेतंय... बंद झालं." धाड. एकदा, दोनदा, तिनदा, अगदी शब्दाबरोबर.

जूनमध्ये क्लॅम्प बदलला, वर-खाली आणखी दोन मारले. आवाज गेला. मी चौथ्या मजल्यावर काकूंकडे चकल्या घेऊन जाऊन आलो.

इथे क्लॅम्पबद्दल एक गोष्ट, कारण यात मी स्वतः चूक करता करता वाचलो. जुन्या इमारतींतल्या जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) पाइपाला क्लॅम्पखाली सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळण्याची पद्धत आहे, आणि ती चांगली आहे. सीपीव्हीसीवर तसं करू नका. साध्या रबरात मऊपणासाठी जी तेलं घातलेली असतात ती या प्लास्टिकला मानवत नाहीत, काही काळाने पाइपाला चिरा जाऊ शकतात. त्याचे स्वतःचे प्लास्टिकचे क्लॅम्प मिळतात, तेच वापरा. आडव्या लाइनीला साधारण दर तीन फुटांवर एक.

दिवाळीच्या आसपास धाड परत आली. आता आवाज थोडा दबका होता, पण वेळ तीच. पाचव्या मजल्यावरच्यांना विनंती करून मशीनच्या मागचा अँगल कॉक (पाणी बंद-चालू करायचा छोटा कॉक) निम्म्याहून अधिक बंद करवला. पाणी हळू गेलं की वेग कमी, आणि वेग कमी की फटका कमी. मशीनला भरायला मिनिट-दोन मिनिटं जास्त लागतात, बाकी काही बिघडत नाही. अरेस्टरच्या आधी हा उपाय करून पाहावा असं माझं स्पष्ट मत आहे, कारण तो फुकट आहे. पुन्हा शांतता.

आणि एप्रिलमध्ये पुन्हा धाड. या खेपेला पूर्वीपेक्षा मोठी.

मी वैतागून खाली गेलो, तर पंप बघणारे मामा हसायलाच लागले. म्हणाले, "साहेब, टाकी धुतली की आठ दिवसांत तुमची तक्रार येतेच. आता मी तारीखच धरून ठेवतो."

वर जाऊन वही काढली. पहिल्यांदा आवाज सुरू झाला तो एप्रिल. परत आला तो ऑक्टोबर. आता पुन्हा एप्रिल. आमच्या सोसायटीची टाकी वर्षातून दोनदा धुतात, आणि महिने तेच. वहीत मी घरातल्या नळांची नोंद ठेवत होतो, गच्चीवर काय चाललंय याची नाही.

त्यानंतर दाब मोजला. हार्डवेअरच्या दुकानात पाण्याचं प्रेशर गेज मिळतं. वॉशिंग मशीनच्या किंवा बाल्कनीच्या नळाला आटे जुळवून घट्ट बसवायचं आणि नळ पूर्ण उघडायचा. हिशेब सोपा आहे : दर १० मीटर उंचीला साधारण १ बार. टाकीतल्या पाण्यापासून आमच्या नळापर्यंत ३८ मीटरच्या आसपास अंतर, म्हणजे मध्ये काहीच नसेल तर पावणेचार बार. पण खालच्या मजल्यांच्या लाइनीवर सहाव्या मजल्याच्या डक्टमध्ये दाब कमी करणारा व्हॉल्व्ह आहे, ज्याला सगळे नुसतं पीआरव्ही म्हणतात. तो असा लावलेला की आमच्या नळाशी दोनच्या आसपास दाब राहावा. संध्याकाळी सात वाजता, सगळीकडे पाणी चालू असताना, गेजने २.१ दाखवलं. वाटलं, सगळं ठीक आहे. रात्री साडेअकराला उठून पाहिलं तर काटा ३.७ वर.

पीआरव्हीचं असंच होतं. आतल्या झडपेच्या बैठकीवर खडा किंवा पापुद्रा अडकला की झडप पूर्ण मिटत नाही. दिवसा दहा घरांत नळ चालू असतात तेव्हा त्या फटीतून येणारं पाणी खपून जातं आणि दाब ठीक दिसतो. रात्री सगळे नळ बंद झाले की तीच फट वरचा सगळा दाब हळूहळू खाली पोहोचवते. एकच मशीन पाणी घेत असेल तर त्याला तो जवळजवळ अख्खा मिळतो, आणि दाब जास्त की पाण्याचा वेग जास्त, म्हणजे फटकाही मोठा. म्हणून दाब फक्त दिवसा मोजून "नॉर्मल आहे" म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. गेज रात्रभर लावून ठेवा. मुख्य काटा पुढे ढकलत नेतो असा दुसरा लाल काटा असलेलं गेज मिळालं तर फारच छान, तो रात्रीतला सर्वाधिक दाब दाखवत तिथेच थांबतो.

पीआरव्हीच्या आधी एक तिरकी जाळी असते, वाय स्ट्रेनर. मजल्याची लाइन बंद करून त्याचं बूच उघडलं, तर आधी चहाच्या रंगाचं पाणी आलं आणि मागोमाग मूठभर ऐवज पडला : वाळू, सिमेंटचे पापुद्रे, पीव्हीसीचा कीस, टेफ्लॉन टेपचे गोळे आणि घासणीची एक तार. जाळी एका बाजूने फाटलेली होती. टाकी घासताना तळाचा गाळ ढवळला जातो, आणि साफसफाईवाले डाउनटेकचे व्हॉल्व्ह उघडे ठेवूनच काम उरकत होते. तो सगळा माल सरळ आमच्या लाइनीत.

आता अँगल कॉकचा उपाय का फसला तेही कळलं. गाळ पाचव्या मजल्यावरच्या मशीनच्या तोंडाशी असलेल्या बारीक जाळीतही गेला होता. मशीन पाणी भरत नाही म्हणून त्यांनी सर्व्हिसवाल्याला बोलावलं. त्याने जाळी धुतली, मागे हात घातला, कॉक अर्धवट बंद दिसला आणि पूर्ण उघडून गेला. त्याच्या जागी मीही तेच केलं असतं.

पीआरव्ही खोलून साफ केला, आतलं रबर बदललं, स्ट्रेनरला नवी जाळी घातली. पण खरा उपाय म्हणजे टाकी धुण्याच्या दिवशीचा क्रम, जो आता पंपाच्या खोलीत कागदावर लिहून चिकटवलाय. आदल्या रात्री डाउनटेकचे सगळे व्हॉल्व्ह बंद. धुतलेलं पाणी फक्त तळाच्या वॉशआउटमधून (टाकी रिकामी करायच्या तोटीतून) बाहेर. टाकी वीतभर भरून ते पाणीही वॉशआउटमधूनच सोडायचं. मग पूर्ण भरून डाउनटेक हळूहळू उघडायचे, आणि दुसऱ्या दिवशी स्ट्रेनर खोलून पाहायचा. ऑक्टोबरात टाकी धुतली. रात्री साडेबाराला काटा २.२ वर होता.

पाचव्या मजल्यावर आता मशीनच्या नळीआधी छोटा अरेस्टरही बसवलाय. आत दट्ट्या असतो, त्याच्या मागे कोंडलेली हवा, आणि ती हवा धक्का गिळते. जुन्या बांधकामात यासाठी नळाजवळ बूच मारलेला उभा पाइपाचा तुकडा ठेवत. कल्पना तीच, पण त्यातली हवा हळूहळू पाण्यात विरघळते आणि काही महिन्यांनी तो नुसता पाण्याने भरलेला तुकडा उरतो. तुमच्याकडे असा तुकडा असेल तर लाइन बंद करून सगळ्यात खालचा नळ उघडा, पाणी पूर्ण निथळू द्या आणि पुन्हा भरा, तो कामाला लागतो. अरेस्टर मात्र आवाज करणाऱ्या व्हॉल्व्हच्या अगदी जवळच हवा. दोन खोल्या पलीकडे लावला तर शोभेचा.

धाड सोडून घरात आणखी आवाज असतातच, आणि गल्लत तिथेच होते. गिझर चालू केल्यावर किंवा आंघोळ झाल्यावर भिंतीत टिक-टिक, घड्याळासारखी, हळूहळू विरळ होत जाणारी, ही गरम पाइप लांबण्याची. सीपीव्हीसीचा तीन मीटरचा पाइप पंचविसावरून साठ अंशांवर गेला की सात-एक मिलिमीटर वाढतो. त्याला सरकायला जागा नसेल तर तो क्लॅम्पमधून किंवा प्लॅस्टरमधून अडखळत सरकतो. याला क्लॅम्प आवळणं हा उपाय नाही, उलट तो रोग वाढवतो. धाड येणाऱ्या लाइनीला घट्ट आधार हवा आणि टिकटिक करणाऱ्या गरम लाइनीला सैल, असं उलटं काम आहे. भिंतीत गाडलेल्या पाइपाची टिकटिक निरुपद्रवी असते. गिझरचं तापमान पाच-दहा अंश उतरवा आणि दुर्लक्ष करा.

गिझरच्या आतून भात शिजल्यासारखी रटरट येत असेल तर ती क्षाराची. बोअरचं किंवा टँकरचं जड पाणी असलं की कॉइलवर पांढरा थर जमतो, त्याखाली पाणी अडकून उकळतं आणि बुडबुडे फुटतात. एमसीबी पाडून, गिझर रिकामा करून कॉइल साफ करून घ्यायची, आणि त्याच वेळी टाकीला गंजापासून वाचवणारी मॅग्नेशियमची कांडी किती उरली आहे तेही बघायचं. एक मात्र निक्षून सांगतो : गिझरच्या सेफ्टी व्हॉल्व्हमधून थेंब पडतात म्हणून तिथे बूच मारणारा प्लंबर दारातूनच परत पाठवा. ते थेंब बहुतेकदा लाइनीतल्या जास्त दाबाची तक्रार करत असतात. आमचाही गिझर त्याच दिवसांत ठिबकत होता, आणि मी त्याचा संबंध लावला नाही.

भोंग्यासारखा लांब घूंऽऽ आवाज बहुतेक फ्लश टँकचा. भरत आला की आतल्या व्हॉल्व्हचं झिजलेलं रबर फडफडतं. टँकचं झाकण काढा आणि आवाज चालू असताना फ्लोट हाताने वर उचला. आवाज तिथल्या तिथे तुटला तर चोर सापडला. तसाच चीत्कार एखाद्या जुन्या नळातून ठरावीक फेऱ्यावर येत असेल तर वायसर गेलंय किंवा स्पिंडल ढिला झालाय. दहा मिनिटांचं काम आहे, पण आधी अँगल कॉक बंद करा, हे मी घरभर पाणी करून शिकलोय.

नळ खोकल्यासारखा फुस्-फुस् करत थुंकतो तेव्हा लाइनीत हवा शिरलेली असते, पाणीकपातीनंतर किंवा टाकी तळाला गेल्यावर. नळ थोडेसे उघडे ठेवून हवा जाऊ द्या. रोजच होत असेल तर गच्चीवर जा. डाउनटेकला टाकीच्या बाहेर एक उभा हवेचा पाइप असतो, तो टाकीतल्या पाण्याच्या पातळीपेक्षा उंच आणि तोंड उघडं असायला हवा. आमच्या शेजारच्या विंगमध्ये कुणीतरी त्यावर प्लास्टिकची पिशवी बांधून ठेवली होती, पाऊस जाऊ नये म्हणून.

बाथरूमच्या जाळीतली गुडगुड ही पुरवठ्याची नव्हे, सांडपाण्याची. वरच्या मजल्यावर फ्लश झाला की उतरणारं पाणी मागे हवा ओढतं. व्हेंट पाइपातून हवा मिळाली नाही तर ती तुमच्या नहाणी ट्रॅपमधून ओढली जाते (हा आपल्या न्हाणीघरातला शब्द आता प्लंबिंगच्या कॅटलॉगांतही छापलेला असतो). ट्रॅपमध्ये साधारण ५० मिलिमीटर पाणी दार लावून बसलेलं असतं. ते ओढलं गेलं की गुडगुडीच्या मागून वास आणि झुरळं येतात. गच्चीवरच्या व्हेंटच्या तोंडात कबुतराचं घरटं सापडण्याची शक्यता मी निम्म्याहून जास्त धरतो.

पंपाचा आवाज हा स्वतंत्र विषय आहे, आणि आमच्याकडचा अजून सुटलेला नाही. पहाटे पाचला पंप बंद होताना सगळ्या इमारतीला एक ठोका बसतो. वर चढवलेलं पाणी परत खाली येतं आणि नॉन-रिटर्न व्हॉल्व्हची जड झडप उशिरा, आपटत मिटते. स्प्रिंगची झडप असलेला व्हॉल्व्ह पाणी उलटं फिरण्याआधीच मिटतो, तो घ्यायचा आहे. पंपाच्या पायाखाली रबरी पॅड आणि पाइपाला रबरी बेलो (हादरा सोसणारा लवचिक जोड), हेही मंजूर झालंय. तीन कोटेशन्स आली आहेत आणि कमिटीची मीटिंग पुढच्या रविवारवर गेली आहे. तोवर पहाटेच्या ठोक्याचा आळ आईने तळमजल्यावरच्यांवर घातलाय.